गिऱ्हाइकाला जात विचारली का?
एका अनुबोधपटाविषयी विद्यार्थिनीने लिहिलेल्या टिपणावरून

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पाच-सहा दशकांत एक कसोटी घडवली आहे. कुणी लिहिले, कुणाविषयी लिहिले आणि कुणी वाचावे म्हणून लिहिले, हे विचारल्याखेरीज आपण कथेला किंवा कवितेला हात लावत नाही. ही कसोटी आपण ग्रामीण कादंबरीला लावली, प्रस्थापितांच्या नाटकांना लावली, आपल्याच आत्मकथनांनाही लावली. अनुबोधपटाला मात्र ती आपण क्वचितच लावतो. अनुबोधपट म्हणजे पुरावा, डोळ्यांसमोर दिसते ते खरेच असणार, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. त्यातही बायका-मुलींच्या खरेदी-विक्रीवरचा अनुबोधपट असला की समीक्षक एकदम गप्प होतो. एवढ्या मोठ्या दुःखापुढे दृष्टिकोनाची चिकित्सा करत बसणे त्याला निर्दयपणाचे वाटते. आणि या गप्प बसण्याचा फायदा दुःख सोसणाऱ्याला होत नाही, चित्रण करणाऱ्याला होतो.

ही चिकित्सा बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने चार फुलस्केप पानांत केली आहे. तिचे टिपण मला या विषयावर वाचलेल्या पुष्कळ विद्वत्तापूर्ण लेखनापेक्षा मोलाचे वाटते. त्यातल्या सगळ्याच गोष्टी मला मान्य नाहीत. तरीही त्याची चर्चा वर्गाबाहेर, चळवळीतल्या माणसांत व्हायला हवी.

धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो तिथे वर्गाला दोन चित्रफिती दाखवल्या होत्या. पहिली, ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’. सेरा हॅरिस या ब्रिटिश बाईंनी ‘व्हाइस’ या कंपनीसाठी केलेला हा अनुबोधपट २०१० साली इंटरनेटवर भागाभागांनी प्रसिद्ध झाला. विषय यल्लम्माला सोडलेल्या मुलींचा. स्थळे उत्तर कर्नाटकातली आणि आपल्या सांगलीतली. दुसरी चित्रफीत म्हणजे त्याच वर्षी सांगलीच्या स्त्रियांनी या अनुबोधपटाला दिलेले उत्तर. ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही धंदा करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना. ‘संग्राम’ या सांगलीच्या संस्थेच्या कामातून ती १९९६ मध्ये उभी राहिली. आपल्यावरचा अनुबोधपट पाहिल्यावर या बाया स्वतः कॅमेऱ्यापुढे आल्या आणि एकेक हरकत सांगू लागल्या. आमच्या देवीची टवाळी केली, आमचे जगणे आम्ही सांगितले तसे दाखवले नाही, आणि सर्वांत गंभीर म्हणजे आमच्यातल्या एकीला एच.आय.व्ही.ची लागण आहे हे जगजाहीर केले. (तो भाग मी वर्गात दाखवला नाही. तो पुन्हा दाखवणे म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणे.) एखाद्याची लागण त्याच्या संमतीविना उघड करण्यास मनाई करणारा कायदा आपल्याकडे २०१७ मध्ये झाला. २०१० मध्ये तो नव्हता. पण लंडनमधल्या एखाद्या रुग्णाबाबत चित्रपट करणाऱ्याने असे केले असते का, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे.

निवेदन इंग्रजी, पण पडद्यावरची माणसे आपल्या शेजारची. मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होतो. नंतर सर्वांना टिपण लिहायला सांगितले. बहुतेकांनी ‘हृदय हेलावले’, ‘अंगावर काटा आला’, ‘समाजाला लागलेला कलंक’ असे लिहिले. या मुलांना मी बोल लावत नाही. दुःखाविषयी कसे लिहायचे हे पाठ्यपुस्तकांनी त्यांना जसे शिकवले तसे त्यांनी लिहिले. लोहारा तालुक्यातल्या या मुलीच्या टिपणाचे पहिले वाक्य मात्र असे होते : ‘मला दया आली नाही. मला भीती वाटली.’

भीती कशाची? ती पुढे लिहिते की ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तिच्या आजीचे घर पडले. हा भूकंप जगाला किल्लारीचा म्हणून ठाऊक आहे. किल्लारी लातूर जिल्ह्यातले. पण आपल्या जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावेही त्याच रात्री मातीला मिळाली. ‘आजी ढिगाऱ्यापाशी बसली होती. बाहेरची माणसं आली, फोटो काढला, गेली. तो फोटो आजीनं मरेपर्यंत पाहिला नाही. कुठं छापला, खाली काय लिहिलं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. फिल्ममधल्या बाईकडं बघताना मला आजी दिसली आणि वाटलं, उद्या आमच्या वस्तीवर कुणी कॅमेरा घेऊन आलं तर आम्हीपण असंच बोलू. चहा करू. खरं सांगू. मग ते कुठं जाईल?’

हे वाचून मी थांबलो. अनुबोधपटाच्या चर्चेत सत्य-असत्याचा प्रश्न आपण फार घोळवतो. या मुलीने त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला आहे : चित्र काढून नेल्यावर ते जाते कुठे, आणि ज्याचे चित्र आहे त्याच्या हाती ते परत येते का? सांगलीच्या बायांना आपले चित्र पाहायला मिळाले, म्हणून त्या उत्तर देऊ शकल्या. त्यांच्यापाशी संघटना होती, कॅमेरा होता, त्यांचे म्हणणे इंग्रजीत पोहोचवणारी माणसे होती. तिच्या आजीपाशी यातले काही नव्हते. कलाकृतीतल्या ‘सहानुभूती’वर आपण जी पाने खर्च केली, त्यांत ही साधी देवाणघेवाणीची बाजू किती वेळा आली?

दुसरा मुद्दा प्रथेचा. देवदासींवरील अनुबोधपटांतून नि लेखांतून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. पूर्वी म्हणे देवळातल्या या स्त्रिया कलावंत होत्या, त्यांना मान होता, राजाश्रय होता. पुढे त्यांचे पतन झाले. मुलीचा प्रश्न : ‘कोणत्या काळात मांगाच्या पोरीला देवळात नाचायला घेत होते? आमच्या लोकांना तर देवळाची पायरी चढू देत नव्हते.’ एवढ्या एका ओळीत तिने त्या सुवर्णकाळाचा निकाल लावला आहे. मंदिरातल्या नर्तकीचा इतिहास आणि यल्लम्माला सोडलेल्या महार, मांग, मादिग, होलेय मुलींचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकाच ‘देवदासी’ शब्दात कोंबल्या की जात दिसेनाशी होते, उरते फक्त प्रथा. आणि प्रथेला कर्ता नसतो. पोर कुणी सोडली, तिचा पहिला हक्क गावात कुणी बजावला, त्याच्याकडे जमीन किती होती आणि पोरीच्या बापाकडे किती, हे प्रथेला विचारता येत नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ चा. आपला भाग तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा इथल्यांना ऐकूनसुद्धा माहीत नसावा. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मधल्या काळात, १९७५ पासून, गडहिंग्लज-निपाणी भागात कार्यकर्त्यांनी देवदासींच्या परिषदा घेतल्या, चळवळ उभी केली, आणि राजन गवसांची ‘चौंडकं’सारखी कादंबरी त्याच मातीतून आली. परदेशी कॅमेरा आला तेव्हा या सगळ्या घडामोडी होऊन गेलेल्या होत्या. तरी ‘देवाच्या वेश्या’ असेच नाव देण्याचा मोह आवरला नाही. या नावातच हिशेब स्पष्ट होतो : देव आणि वेश्या हे दोन शब्द जोडले की दूर देशीच्या प्रेक्षकाला गंमत वाटते. देव आणि भूमिहीन म्हटले तर कोण बघणार?

इथे तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागणारी आराधीण या मुलांनी लहानपणापासून पाहिली आहे. अंधश्रद्धेविरुद्ध मी वर्गात बोलतो आणि बोलत राहीन. पण आराधीण म्हणजे धंदेवाली असे समीकरण बाहेरून आलेल्या निवेदकाने मांडले तर त्याचा त्रास त्या माळेला होत नाही, तिच्या पोरांना शाळेत होतो. सांगलीच्या बायांनी देवीच्या टवाळीवर हरकत घेतली तेव्हा आपल्यातले काही बुद्धिवादी हसले असतील. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. देवीला नाकारण्याचा हक्क तिच्या ओझ्याखाली जगलेल्यांचा आहे. आपण बौद्ध झालो तेव्हा तो आपण बजावला, कुणा निवेदकाला बजावू दिला नाही.

या टिपणातला सर्वांत मोलाचा भाग तिसऱ्या पानावर आहे. मुलगी कशी विकली जाते, हे अशा अनुबोधपटांतून समजावून सांगतात. दलाल घरच्यांना रक्कम देतो, घरवाली दलालाला देते, मग ती रक्कम फिटेपर्यंत मुलीला पैसा मिळत नाही. आणि खाण्याचा, कपड्याचा, औषधाचा खर्च त्याच हिशेबात चढत जातो. या मुलीने त्याला एकच शब्द वापरला आहे : उचल. ‘माझ्या आई-बापांना मुकादम एक कोयता म्हणतो. दसऱ्याआधी उचल देतो. पट्टा पडेपर्यंत ती फिटली नाही तर पुढच्या सालाला चढते. आई आजारी पडली तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीत. आम्ही दरसाल ट्रकमधून सांगलीकडंच जातो. फिल्म बनवणाऱ्या बाई सांगलीला आल्या तेव्हा आमचा फड जवळच असेल. पण फडावर बघण्यासारखं काही नसतं.’

भूम, परांडा, कळंब, वाशी या पट्ट्यातल्या वाचकाला उचल म्हणजे काय हे सांगायला नको. कर्ज नव्हे, पगार नव्हे. माणूस आगाऊ विकत घेण्याची ती रीत आहे. बाजारात गेलेली पोर आणि फडावर गेलेले जोडपे यांना बांधणारी दोरी एकाच काथ्याची आहे, हे या मुलीने कोणताही सिद्धांत न वाचता ओळखले. आणि त्यातून चित्रणाविषयीची एक कडू गोष्टही तिच्या हाती लागली : ज्या बांधिलपणात ‘बघण्यासारखे’ काही आहे त्याचाच अनुबोधपट होतो.

इथे मात्र मी तिच्याशी सहमत नाही. तिचे साम्य खरे आहे, पण ते पूर्ण नाही. फडाचा हंगाम पाच-सहा महिन्यांनी संपतो, आणि जोडपे खचून का होईना गावी परतते. बाजारात गेलेल्या पोरीला हंगाम नाही. फडावर कष्ट विकले जातात. तिथे बाईच्या अंगावर हात पडतो तेव्हा तो अत्याचार म्हणून ओळखता येतो. बाजारात तोच व्यवहार असतो. शिवाय तिच्या टिपणात वयाचा उल्लेखच नाही. स्वतःहून धंद्यात राहिलेली तीस वर्षांची बाई आणि कुणीतरी नेऊन बसवलेली चौदा वर्षांची पोर यांना एकच प्रश्न विचारता येत नाही. पोरीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही; २०१२ च्या कायद्याने तिथे अठराची रेघ ओढली आहे. अनुबोधपटावर रागावताना ही रेघ आपल्या हातून पुसली जाऊ नये.

पण सुटका म्हणजे काय, याचा अनुभवही विसरता येत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीत मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. सरकारी सुधारगृहांत त्या महिनोन्‌महिने कोंडून पडल्या, काहींचे तिथेच मरण झाले. त्याच वर्षी रुचिरा गुप्तांचा ‘द सेलिंग ऑफ इनोसंट्स’ हा नेपाळच्या मुलींवरचा अनुबोधपट आला, त्याला अमेरिकेत एमी पारितोषिक मिळाले. त्या अनुबोधपटाचा हेतू प्रामाणिक होता आणि त्याने जगाचे लक्ष वेधले, हे मान्यच केले पाहिजे. मला दिसते ते असे की पडद्यावर दार फोडण्याचा क्षण हा शेवट असतो, आणि मुलीच्या आयुष्यात तो मधला एक दिवस असतो.

टिपणाच्या शेवटच्या पानावर जो प्रश्न आहे तो मी या लेखाचे शीर्षक म्हणून घेतला आहे. ‘बाईला सगळं विचारतात. जात कोणती, देवीला कधी सोडलं, किती माणसं येतात, आजार आहे का. गिऱ्हाइकाला त्याची जात, पगार, घर कुणी विचारलं का?’ अशा चित्रणांत गिऱ्हाईक येतो तो बहुतेक पाठमोरा. त्याचा चेहरा झाकण्याची काळजी घेतली जाते. बाईचा चेहरा हे तर चित्रणाचे भांडवलच. बाबूराव बागुलांनी ‘सूड’मध्ये वेश्येच्या पोटी जन्मलेल्या जानकीला उभे केले तेव्हा पुरुष अंधारात ठेवला नव्हता. ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनीही ठेवला नाही. ‘गोलपिठा’ला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरून त्यांनी ती लिहिली. पांढरपेशा वाचक त्या प्रस्तावनेचे बोट धरून आत शिरला हे खरे, पण आत गेल्यावर बोलत होता तो तिथलाच माणूस. अनुबोधपटात बोट धरणारा आणि बोलणारा एकच असतो, आणि तो संध्याकाळी हॉटेलवर परततो. कविता आणि चित्रफीत यांतला फरक माध्यमाचा आहे असे कुणी म्हणेल. मला तो मालकीचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी, बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात, छापा असो की सुटका, या स्त्रियांची ओळख व छायाचित्रे प्रसिद्धिमाध्यमांनी उघड करू नयेत असे बजावले. सांगलीच्या बाया बारा वर्षे आधी हेच सांगत होत्या.

आता चळवळीचा प्रश्न. सांगलीच्या स्त्रिया म्हणतात, आमचे हे काम आहे, आम्हाला बिचाऱ्या म्हणू नका. आमच्यातल्या बहुतेकांना हे वाक्य घशाखाली उतरत नाही, मलाही पूर्ण उतरत नाही. कारण जन्माने वाट्याला आलेले काम हे काम नसते, ते वतन असते. आणि वतन सोडणे हाच आपल्या मुक्तीचा पहिला पाठ. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज, भुते यांच्या सभेत बोलले. हे जगणे सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे हे मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, पण हे सोडा, असा त्या भाषणाचा रोख होता. त्यातली कठोरता मला आजही टोचते आणि आजही पटते.

परंतु त्या भाषणाचे आपण पुढे काय केले? महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून ‘मढी ओढू नका’ असे सांगितले गेले, तेव्हा ज्या घरांना ते लगेच सोडता आले नाही त्यांना आपण चळवळीबाहेर काढले नाही. त्यांच्या पोरांना वसतिगृहात घेतले, त्यांच्याशी सोयरिकी केल्या. धंद्यातल्या बाईला मात्र वस्तीच्या कडेला ठेवले. भीमजयंतीची वर्गणी तिच्याकडून घेतली, व्यासपीठ दिले नाही. याउलट शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या या पत्रात शिवूबाई नावाच्या मुरळीचे स्वतःचे पत्र छापले गेले. एका अस्पृश्य संपादकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुरळीला बोलू दिले. आज आपल्या किती नियतकालिकांत अशा बाईचे पत्र येते? हे मी या त्रैमासिकालाही विचारतो आहे.

मुलीच्या टिपणावर मी समासात १९३६ च्या भाषणाचा उल्लेख करून ठेवला होता. तिने ग्रंथालयातून तो खंड काढला, वाचला आणि अर्धे पान लिहून आणून दिले. तिचे म्हणणे असे : ती सभा कुणी बाहेरच्याने भरवलेली नव्हती, या लोकांनीच धर्मांतराच्या ठरावाला पाठिंबा देण्यासाठी भरवली होती. म्हणजे त्या बाया कॅमेऱ्यापुढे बसवलेल्या नव्हत्या, त्या स्वतःच्या सभेला आल्या होत्या, आणि बाबासाहेबांनी जे कठोर बोलायचे ते त्यांच्या तोंडावर, त्यांच्या भाषेत, त्यांच्याचसाठी बोलले. त्यांच्याविषयी दुसऱ्यांना सांगितले नाही. अनुबोधपट आणि ते भाषण यांच्यातला फरक तिला इथे दिसला. मला तो इतक्या स्वच्छपणे दिसला नव्हता.

अर्ध्या पानाच्या खाली तिने विचारले आहे की त्या सभेत बाया काय बोलल्या, आणि त्या काळची ‘जनता’ची अंके कुठे पाहायला मिळतील.